कोसमनाल्याची मिल्टरी गाडी

१

गाडी नाल्यात कुशीवर पडली होती आणि काठावर चाळीस-पन्नास माणसं जमली होती, पण गाडीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. सगळे बघत होते मोहाच्या झाडाकडे. त्या झाडाला एक माणूस बैलाच्या दाव्यानं बांधलेला होता आणि त्याच्या ओठातून रक्त येत होतं.

जमादार गुणवंतरावांनी सायकल झाडाला टेकवली. अहेरीच्या ठाण्यातून ते पहाटेच निघाले होते, अंगातला शर्ट पाठीला चिकटला होता आणि पोटात चहाचा थेंब नव्हता. अशा वेळी त्यांच्याशी गोड बोलणाऱ्यालाही वाकडं उत्तर मिळायचं.

"याले कोणी बांधलं?"

"मी," एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा पुढे आला. हा लच्छू, लाकूडतोडीच्या कॅम्पवरचा मुकादम. "यानं माह्या पोराले मारलं, जमादार. हा दसरू मिस्त्री. याले इथीच लटकवा."

काल सकाळी लच्छूचा एकुलता एक मुलगा लटारू सागाचे ओंडके भरलेली गाडी घेऊन निघाला होता. कोसमनाल्याच्या वळणावर गाडी वळलीच नाही. सरळ गेली, काठ ओलांडून खाली कोसळली, आणि लटारू जागच्या जागी गेला. सव्वीस वर्षांचा होता.

तेवढ्यात ठेकेदार बापूजी छत्री उघडून आले. कॅम्प त्यांचा, गाडी त्यांची, आणि तिथल्या निम्म्या माणसांचं पोटही त्यांच्याच हाती.

"केस सीधी हाये, जमादार. दसरूनं स्टेअरिंगचं काम केलं, अन् स्टेअरिंगच सुटलं. ठाणेदारसाहेब दुपारी जीप घेऊन येऊन राह्यले. याले चांद्याच्या जेलात नेतील. तुमी फक्त पंचनामा लिहा."

गुणवंतरावांना आयुष्यात दोन गोष्टींची चीड होती, एक कोमट चहा आणि दुसरा 'फक्त' हा शब्द. त्यांनी चाकू काढला आणि दावं कापलं.

"जीप येईपर्यंत हा माहा कैदी," ते म्हणाले. "कोणी हात लावला त त्याले बी घेऊन जाईन."

२

लढाई संपल्यावर सरकारनं जुन्या मिल्टरी गाड्या लिलावात काढल्या, त्यातली ही एक. हिच्या चारही चाकांना इंजिनाची ओढ होती. जिथं बैलांच्या चार जोड्या गुडघे टेकत, त्या वाळूतून ही घुरघुरत निघून जायची. गुणवंतरावांनी ब्रह्मदेशच्या आघाडीवर तीन वर्षं अशीच गाडी हाकली होती, त्यामुळे तिच्या पोटात काय असतं हे त्यांना ठाऊक होतं. गावात मात्र हे कोणाला माहीत नव्हतं, आणि त्यांनीही ते सांगितलं नाही.

दसरू गोंड होता, सूरजागडच्या डोंगराकडचा. चाळिशीचा, अबोल. मिल्टरीच्या छावणीत हमाली करता करता तो हत्यारं धरायला शिकला होता. तो गुणवंतरावांबरोबर नाल्यात उतरला आणि गाडीशेजारी बसला.

"सांग," गुणवंतराव म्हणाले. "पहिल्यापासून."

"खुंटावर गाडी आपटे, म्हणून बापूजीनं उंच कराले सांगतलं. मी आस अन् स्प्रिंगचे पाटे, याच्या मंधात सागाचे ठोकळे घातले. वीतभर उचलली. गाडी वर गेली, पण चाकं त खालीच राह्यले ना साहेब. मंग हा दांडा तिरपा झाला."

त्यानं स्टेअरिंगपासून पुढच्या चाकाकडे जाणारा लांब लोखंडी दांडा दाखवला. दांड्याचं पुढचं टोक निसटून लोंबत होतं.

"खड्डा आला का तिरपा दांडा चाकाले ओढे. गाडी आपल्या मनानं वळे, अन् स्टेअरिंग हातात थरथर करे. लटारूभाऊचे हात सुजत. मंग मी तीन दिवस काम केलं. दांडा जिथी अडकते तो स्टेअरिंगचा लोखंडी हात तापवून खाली वाकवला, दांडा पुन्हा आडवा केला. सोमवारी लटारूभाऊनं चालवून पाह्यली. दोन बोटानं वळे."

"हे टोक कसं सुटलं?"

दसरूनं मान हलवली. "इल्ले, साहेब," तो गोंडीत नाही म्हणाला. "नाई सुटाले पाह्यजे."

गुणवंतरावांनी टोकाजवळ डोळा नेला. दांड्याच्या टोकाला एक वाटी असते, तिच्यात चाकाचा पोलादी गोळा बसतो. वाटीचं तोंड आट्यांच्या बुचानं बंद करतात आणि बूच फिरून निघू नये म्हणून वरून खाली एक दुपेडी पीन आरपार घालतात. इथं गोळा होता, वाटी होती; बूच नव्हतं आणि पीनही नव्हती.

"पीन लावली व्हती?"

"लावली. दोनी पाय उघडून मुडपले. मुडपल्यावर पीन तुटन, पण निंघत नाई."

"मंग काल कशी निंघाली?"

दसरूनं वर काठाकडे पाहिलं. "मंगळवारी बापूजी म्हणे, अजून एक ठोकळा टाक. नाल्याच्या चढावर ओंडक्याचे शेंडे घासतात. मी म्हटलं, नाई. एवढ्या उंचीले दांडा पुन्हा तिरपा होईन, गाडी माणूस खाईन. त म्हणे, मंग घरी जा. मी रागात निंघून गेलो. काल मले घरून धरून आणलं."

३

"बोललो व्हतो मी, नाई कशाले म्हणू," बापूजी शांतपणे म्हणाले. "पाडव्याच्या आत माल बल्लारशाले पोचवाचा व्हता. पण तो नाई म्हणे, अन् मी विषय सोडला. ठोकळा एक एकच हाये. तुमीच मोजा."

गुणवंतरावांनी मोजले. चारही चाकांवर एक एकच ठोकळा, जुना, तेलानं काळा पडलेला. दसरूचं बोलणं तिथंच लंगडं पडत होतं. उंची तीच आणि काम त्याचंच असेल, तर चूकही त्याचीच. सूर्य डोक्यावर यायला लागला होता, आणि वर काठावर लच्छूची माणसं पुन्हा दाटीनं उभी राहिली होती. त्यांच्या हातांत कुऱ्हाडी होत्या. जंगलात त्या असतातच, पण आज त्या बघून गुणवंतरावांनी दसरूला गाडीच्या आडोशाला बसवलं.

त्यांनी गाडीभोवती पुन्हा एक फेरी मारली, आणि दुसऱ्या फेरीला त्यांचा पाय थांबला. पाटे आणि आस एकत्र आवळून धरणारे जाड यू-बोल्ट होते. सगळी गाडी खालून वर्षाच्या चिखलानं थापलेली; पण नटाच्या पुढे बाहेर आलेले चार-चार बोटं आटे स्वच्छ होते, कोणी आताच पुसल्यासारखे. त्यांनी अंगठा फिरवला. चारही चाकांवर तेच.

नट टोकापर्यंत मागे नेला आणि पुन्हा आत आणला तरच आटे असे निघतात. म्हणजे नट टोकापर्यंत गेले होते. मध्ये आणखी काहीतरी जाड घातलं होतं आणि गाडी पडल्यावर ते काढून घेतलं होतं. कुशीवर पडलेल्या गाडीचे ठोकळे काढायला जॅकसुद्धा लागत नाही.

दसरू खरं बोलत होता. पण ठोकळा घातला म्हणून पीन निघत नाही. दांडा कोणी सोडला आणि कोणी पुन्हा जोडला, ते कळल्याशिवाय ठाणेदार दसरूचं नाव खोडणार नव्हते.

त्यांनी सुकलूला बोलावलं. हा हमाल काल ओंडक्यांवर बसला होता आणि उडी मारून वाचला होता.

"वळणाच्या आधीपासूनच गाडी थरथरे," सुकलू म्हणाला. "मंग लटारूभाऊ वरडला, उडी मार. मी मारली. त्याले नाई मारता आली."

"मंगळवारी संध्याकाळी कुठी व्हता तू?"

सुकलूनं चटकन लच्छूकडे पाहिलं. "झोपलो व्हतो."

"दिवसाउजेडी?"

सुकलूच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच. गुणवंतराव लच्छूकडे वळले. गाडी येण्याआधी या जंगलातलं लाकूड लच्छूच्या सोळा बैलगाड्या ओढत. गाडी आली, बैलगाड्या बसल्या, आणि गाडीवानांचा नाईक ओंडके मोजणारा मुकादम झाला. कॅम्पातल्या दोघा-तिघांनी ते त्यांच्या कानावर आधीच घातलं होतं.

"या गाडीवर राग व्हता तुमचा?"

"व्हता," लच्छू म्हणाला. "पण माहा पोरगाच तिले चालवे. मी रोज तिच्या पाया पडो, जमादार. म्हणो, माह्या लेकराले सुखरूप आण."

त्याचे डोळे कोरडे होते आणि आवाज फाटलेला होता. गुणवंतरावांनी पुढचा प्रश्न गिळला.

४

पीन त्यांना सापडली ती वळणाच्या दोनशे पावलं अलीकडे, चाकोरीतल्या धुळीत. तिच्यासाठी त्यांनी तासभर वाकून रस्ता पालथा घातला होता आणि कंबर बोंबलत होती.

पीन सरळ होती, दोन्ही पाय जुळलेले. बापूजींच्या हातात ती पडली असती तर ते म्हणाले असते, बघा, मिस्त्रीनं पाय मुडपलेच नाहीत. गुणवंतरावांनी ती उन्हात धरली. दोन्ही पायांवर एकाच जागी पांढरट आडवी रेघ होती. लोखंड एकदा मुडपलं आणि परत सरळ केलं की ही रेघ राहते, ती घासूनही जात नाही. दसरूनं पाय मुडपले होते. नंतर कोणीतरी ते उघडले, पीन काढली, दगडावर ठेवून हलक्या हातानं ठोकून सरळ केली आणि परत घातली.

ते रस्त्याच्या कडेला बसले. घात करायचा असता तर त्या माणसानं पीन जंगलात भिरकावली असती. हिला तर नीट सरळ केलं होतं, एकही ठोका वेडावाकडा नव्हता. ज्यानं हे केलं त्याला ती टिकावी असंच वाटत होतं. मग शेवटी पाय का मुडपले नाहीत? विसरला म्हणावं, तर इतक्या निगुतीनं काम करणारा माणूस विसरतो कसा?

कॅम्पच्या टोकाला लटारूची झोपडी होती. आत लटारूचं प्रेत पंचनाम्यासाठी झाकून ठेवलं होतं, आणि त्याची बायको वच्छला पालवीच्या फांदीनं माश्या वारत बसली होती. गुणवंतराव दाराबाहेरच उकिडवे बसले.

"बाई, काल सकाळी तो निंघाला तवा काही बोलला?"

"काई नाई बोलले." ती फांदी हलवत राहिली. "रोज गाडीखाली शिरून पाहात. दांडा, पीन, नट, सगळं. काल नाई पाह्यलं. मी म्हटलं, आज नाई पाहात? त हासले. म्हणे, आज पाह्याचं काम नाई. घरच्या माणसानं पाह्यली हाये."

गुणवंतरावांची पेन्सिल वहीवरच राहिली. त्या घरात तीन माणसं होती. एक आता चादरीखाली होतं, एक ही समोर बसलेली. त्यांनी वही मिटली आणि ते उठले. अशा वेळी पोलिसात का आलो असं माणसाला वाटतं, तसं त्यांना वाटलं.

५

झोपडीमागे लच्छूची शेवटची बैलगाडी उभी होती. लच्छू जुवाजवळ बसला होता. दुपार झाली होती आणि जीप कधीही आली असती.

गुणवंतरावांनी चाकाजवळ जाऊन आसाच्या टोकावरची खीळ चाचपली. चाक निघू नये म्हणून घातलेली लोखंडी खीळ, जाड डोकं वर, सरळ शेंडा खाली. त्यांनी ती दोन बोटांनी सहज उपसून काढली.

"ही खालून मुडपत नाई?"

"मुडपली त वंगण घालाले काढू कशी?" लच्छू त्या दुःखातही जरा चिडला. "आपल्याच वजनानं बसते ती. चाळीस वर्सं गाड्या हाकल्या मी. एक चाक नाई निंघालं माहं."

गुणवंतरावांनी तळहात उघडला. "अन् ही?"

लच्छूनं पीन उचलली आणि फिरवून पाहिली. हयातभर लोखंड-लाकूड हाताळलेल्या माणसाला आपलं काम ओळखू येतंच.

"हीच ती. दसरूनं पाय मुडपून पार खराब केल्ती. मी बसून चांगली सरळ..."

तो थांबला.

गुणवंतराव त्याच्याशेजारी मातीत बसले. "सांगा, लच्छूभाऊ. बापूजीनं दुसरा ठोकळा घालाले लावला. गाडी उचलताना दांडा ताणला, म्हणून सोडावा लागला. मंग जोडाले कोणी नव्हतं."

"दसरू निंघून गेल्ता." लच्छूचा आवाज खोल गेला. "बापूजी म्हणे, गाडीवान कोणत्या मिस्त्रीपेक्षा कमी हाये का. मले बरं वाटलं, जमादार. ही गाडी आली तवापासून मले कोणी असं म्हटलं नव्हतं. आमी दहा जणानं वल्ल्या लाकडाच्या बल्ल्या लावून उचलली. दांडा मी जोडला, पोराचीच गाडी म्हणून दुसऱ्या कोणाले हात लावू देल्ला नाई. घट्ट बसवली पीन." त्यानं वर पाहिलं. "मंग निंघाली काऊन?"

हा प्रश्न टाळता आला असता तर गुणवंतरावांनी आनंदानं टाळला असता.

"बैलगाडी धक्के खाते, भाऊ. पण ही गाडी थरथरते. एवढ्या उंचीले दांडा तिरपा झाला का जास्तच. सरळ पीन त्या थरथरीनं तीळ तीळ वर चढते, अन् उडून जाते. मंग बूच फिरते. म्हणून पाय मुडपतात."

लच्छूनं बोटं मिटली. पीन त्याच्या मुठीत होती.

"कालच काऊन नाई सांगतलं?" गुणवंतरावांनी विचारलं.

"बापूजी म्हणे, ठोकळ्याचं नाव काढू नको. ठाणेदार लिहीन का पोरानं जाणूनबुजून उंच गाडी चालवली, अन् मेल्यावर त्याचं नाव खराब होईन. मले वाटलं, पीन त मी बरोबर लावली, त मंग चूक दसरूच्याच कामात असन." त्यानं मान खाली घातली. "मी त्याले मारलं, जमादार. बांधलेल्या माणसाले मारलं."

दूर रस्त्यावर जीपचा भोंगा वाजला.

"बापूजी सगळं नाकबूल करन," गुणवंतराव म्हणाले. "आट्याले अन् पीनेले तोंड नाई. तुमी बोलले नाई, त आज दसरू चांद्याले जाते, अन् परत येत नाई. बोलले, त सगळ्यायच्या समोर बोला लागन. सुनेच्या बी."

लच्छू उठला नाही. गुणवंतराव त्याला तिथंच सोडून निघाले, कारण कोणाच्या दंडाला धरून वदवण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

६

ठाणेदारांना घाई होती. जीपमधून न उतरताच त्यांनी शिपायाला बेड्या काढायला सांगितल्या, आणि दसरूनं मुकाट्यानं हात पुढे केले.

"साहेब, गाडी पडली तवा तिच्याखाली दोन दोन ठोकळे व्हते," गुणवंतराव म्हणाले. त्यांनी आट्यांचं सांगितलं, पिनेवरच्या रेघेचं सांगितलं. लोक पुढे सरकले. बापूजी छत्रीखाली हसले.

"जमादारसाहेबाले ऊन लागलं. अहो, आटे कोणी बी पुसन. ठोकळा पाह्यला का कोणी? दांडा दुसऱ्या कोणी जोडला, पाह्यला का?"

सुकलू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. शिपायानं बेडी उघडली आणि तो आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"मी जोडला."

लच्छू गर्दीच्या मागे उभा होता. माणसं बाजूला झाली. तो चालत जीपपर्यंत आला आणि त्यानं पीन ठाणेदारांच्या हातावर ठेवली.

"मंगळवारी बापूजीनं दुसरे ठोकळे घालाले लावले. दांडा मी सोडला, मी जोडला. ही पीन मी सरळ केली, अन् पाय नाई मुडपले. मले माहीत नव्हतं. दसरूनं बरोबर लावली व्हती."

"याचं डोकं ठिकाणावर नाई," बापूजी म्हणाले. "पोरगा गेला त्याचा."

"मी बी व्हतो," सुकलू एकदम म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं. "काल दुपारी बापूजीनं माह्याच हातानं ठोकळे काढवले. वाळूत गाडले हायेत, साहेब. चला, दाखवतो."

ठोकळे निघाले. चार ताजे सागाचे तुकडे, प्रत्येकावर पाट्याचा दाब उमटलेला. जो मिस्त्री नाही म्हणाला त्याला हाकलून, ज्यांना ते काम येत नव्हतं त्यांच्याकडून ते करवून घेतलं आणि मग पुरावा पुरला; गुणवंतरावांनी हे तसंच्या तसं पंचनाम्यात लिहिलं, आणि एकही शब्द सौम्य केला नाही. बापूजी जीपमध्ये बसले तेव्हा त्यांची छत्री खालीच राहिली आणि ती उचलून द्यायला कोणी पुढे झालं नाही.

लच्छूनं मनगटं पुढे केली. "मले बी बांधा."

ठाणेदारांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी नकारार्थी मान हलवली. "तुमाले सरकार बांधत नाई, भाऊ. साक्षीले या लागन, बस."

दसरू मनगट चोळत लच्छूसमोर येऊन उभा राहिला. त्याचा ओठ अजून सुजलेला होता. लच्छूला वाटलं तो मारणार, आणि त्यानं तोंड बाजूला केलं नाही.

"मी रागात घरी गेलो, मुकादम," दसरू म्हणाला. "राह्यलो असतो, त मीच लावली असती पीन."

"तू नाई म्हणून गेला," लच्छू म्हणाला. "मी हो म्हणून राह्यलो."

गर्दीत एकाएकी वाट झाली, आणि वच्छला पुढे आली. तिनं सगळं ऐकलं होतं; तिच्या चेहऱ्याकडे बघण्याची गुणवंतरावांची हिंमत झाली नाही, आणि ठाण्यातल्या इतक्या वर्षांत असं त्यांचं कधी झालं नव्हतं.

"मामाजी, चला," ती म्हणाली. "पंचनामा झाला. त्यायले आंघोळ घालाची हाये."

लच्छूनं आपले दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून पाहिले.

"या हातानं?"

वच्छलेनं त्या हातांकडे पाहिलं. राग होता तो तिथंच होता.

"बाप तुमीच हा त्यायचे," ती म्हणाली. "दुसरं कोण घालन?"

ती झोपडीकडे चालू लागली. थोड्या वेळानं लच्छूही तिच्या मागे निघाला.